मथळा बदलून पाहा: डिझाइनच्या प्रोजेक्टला कल्पना सापडते कशी

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातल्या शाळा-कॉलेजांत मुक्तिसंग्रामाच्या, म्हणजे निजामाच्या राजवटीतून सुटण्यासाठी झालेल्या लढ्याच्या, पोस्टरचा विषय निघतो. उपयोजित कला किंवा ग्राफिक डिझाइन शिकवणाऱ्या वर्गांत तर हमखास. आठवड्याभरात भिंतीवर पोस्टरं लागतात. वळलेल्या मुठी, तुटलेल्या साखळ्या, तिरंगा, उडणारं कबुतर आणि मागे फिकट रंगात मराठवाड्याचा नकाशा. रंगकाम चांगलं असतं, अक्षरं नेटकी असतात, रात्री जागून केलेली मेहनत दिसते. अशा पोस्टरवर एक साधी चाचणी करून पाहावी. वरचा मथळा हाताने झाकायचा आणि तिथे मनातल्या मनात 'कामगार दिन' लिहायचं. मग 'व्यसनमुक्ती सप्ताह'. मग 'हुंडाबंदी'. चित्र तसंच्या तसं चालत असेल, तर त्या पोस्टरला चित्र आहे, मांडणी आहे, कल्पना मात्र अजून सापडलेली नाही.

वर्गात हिलाच 'कॉन्सेप्ट' म्हणतात, आणि 'सर, कॉन्सेप्ट सुचत नाहीये' हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. सुचायची वाट बघत बसलं की सबमिशनची तारीख येते आणि कॉन्सेप्ट येत नाही. ती बहुतेक वेळा शोधून काढावी लागते. शोधायचं कुठे आणि कसं, हे शिकता येतं. दैवी देणगीचा भाग त्यात फार थोडा आहे, असं माझं ठाम मत आहे.

विषय आणि विधान

शिक्षक जो कागद देतात त्यावर विषय असतो: पाणी, मुक्तिसंग्राम, पर्यटन, एखाद्या शेतकरी गटाचा लोगो. विषय म्हणजे ज्याबद्दल बोलायचं ते. त्याबद्दल नेमकं काय म्हणायचंय ते म्हणजे विधान, आणि विधान पूर्ण वाक्यात लिहावं लागतं, क्रियापदासकट. ते वाक्य न वाचताही डोळ्यांना कळावं यासाठी जी एक रीत सापडते ती कल्पना. आणि ती कल्पना कागदावर कुठे, किती मोठी, कोणत्या रंगात बसेल, हे ठरवणं म्हणजे मांडणी.

आपल्याकडे विद्यार्थी विषयावरून थेट मांडणीवर उडी मारतात. विषय हातात पडला की इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉसारखं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडतं, शेजारी चित्रं शोधायला पिंटरेस्ट उघडतं आणि शोध सुरू होतो. 'पाणी' असं शोधलं की भेगाळलेली जमीन, नळाच्या तोंडाशी लोंबकळणारा थेंब, ओंजळीतलं रोपटं, निम्मा हिरवा आणि निम्मा तपकिरी पृथ्वीचा गोळा, असं सगळं समोर येतं. ही चित्रं वाईट म्हणून वर येत नाहीत. सगळ्यांनी वापरली म्हणून वर येतात. एआयने चित्र काढून देणाऱ्या टूल्सचंही तसंच आहे. तीही आधीच्या असंख्य चित्रांवरूनच शिकलेली असतात, त्यामुळे 'दुष्काळाचं पोस्टर' म्हटलं की त्याच भेगा, जरा जास्त सफाईने. जे म्हणायचंय तेच ठरलेलं नसेल, तर कोणतंही टूल तुमच्या वतीने ते ठरवणार नाही.

म्हणून पहिलं काम वहीत, पेनाने. मुक्तिसंग्रामावर पाच-सात वेगवेगळी वाक्यं लिहून पाहा. 'हा लढा स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढला गेला.' 'रझाकारांच्या अत्याचारांविरुद्ध खेडोपाडी लोक उभे राहिले.' 'देश स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा स्वतंत्र झाला नव्हता.' तिन्ही वाक्यं खरी आहेत. पण तिसऱ्या वाक्यात डिझाइनरला धरता येईल असं काहीतरी आहे: दोन तारखा आणि त्यांच्यामधलं अंतर. अंतर डोळ्यांना दाखवता येतं. शौर्य, त्याग, अस्मिता या शब्दांना आकार देणं फार अवघड असतं, आणि नेमक्या त्याच शब्दांपासून सुरुवात केल्यामुळे मुठी आणि साखळ्या येतात.

आता ते अंतर मोजा. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८. तेरा महिने आणि दोन दिवस. १९४८ हे लीप वर्ष होतं, फेब्रुवारी २९ दिवसांचा होता, तो धरायचा. एकूण ३९९ दिवस होतात. इथे थांबू नका, आकड्याशी आणखी थोडं खेळा. ३९९ ला सातने भागलं तर बरोबर ५७ येतात, बाकी शून्य. म्हणजे पुरे ५७ आठवडे. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता आणि १७ सप्टेंबर १९४८ लाही शुक्रवारच होता.

माझ्या मते इथे पोस्टर जवळजवळ तयार झालं. दर दिवसाला एक काळा चौकोन. आठवड्याला सात याप्रमाणे एकाखाली एक रांगा लावल्या तर ५७ रांगांची एक लांबलचक पट्टी होते, आणि ए-टू कागदावर ती फारच बारीक दिसते. तीन आठवड्यांची एक रांग केली तर २१ चौकोनांच्या बरोबर १९ रांगा होतात. एकही चौकोन कमी पडत नाही, एकही उरत नाही, आणि शुक्रवार आपापल्या स्तंभांत राहतात. १८ मिलिमीटरचा एक चौकोन धरला तर रुंदी ३७८ मिलिमीटर होते. ए-टू कागद ४२० रुंद असतो, समासासह नीट बसतं. मग विसाव्या रांगेत, डाव्या कडेला, एकटा ४०० वा चौकोन. फक्त तोच रंगीत. पहिल्या चौकोनाशेजारी बारीक अक्षरांत 'शुक्रवार, १५ ऑगस्ट १९४७', शेवटच्याशेजारी 'शुक्रवार, १७ सप्टेंबर १९४८'. लांबून काळा दगड दिसेल, जवळ आलं की कॅलेंडर. त्यावर 'कामगार दिन' लिहून पाहा. बसत नाही. दुसरा कोणताच मथळा बसत नाही.

हे करताना मोह होतील. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली, तर शेवटचे चार चौकोन वेगळ्या रंगात दाखवावेत का? माहिती बरोबर आहे, पण त्याने पोस्टर दुसरंच काही सांगायला लागतं. विधान वाट बघण्याचं आहे, लष्करी कारवाईचं नाही. दुसरा मोह नकाशाचा. आजच्या आठ जिल्ह्यांचा नकाशा मागे टाकला तर तो चूक ठरेल, कारण १९४८ साली इथे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते. जालना १९८१ साली झाला, लातूर १९८२ साली, हिंगोली तर १९९९ साली. असा तपशील ज्युरीतल्या, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांतल्या, एखाद्याला हमखास माहीत असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोस्टर बघणाऱ्या एखाद्या आजोबांना तो माहीत असतो.

खुणा तीन प्रकारच्या

विधान ठरलं की ते दाखवायला खुणा लागतात. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने खुणांची जी विभागणी केली, ती शंभराहून जास्त वर्षांनंतरही डिझाइनच्या वर्गात सगळ्यात उपयोगी पडते. ऐकायला जड, वापरायला अगदी सोपी.

काही खुणा सारखेपणावर चालतात. थेंबाचं चित्र थेंबासारखं दिसतं म्हणून पाणी कळतं. काही खुणा मागावर, म्हणजे एखाद्या गोष्टीने मागे सोडलेल्या निशाणीवर, चालतात. धूर दिसला की कुठेतरी काही जळतंय हे कळतं, धूर आगीसारखा दिसत नसला तरी. आणि काही खुणा निव्वळ संकेताने चालतात. १९६० च्या दशकात आलेला कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण घ्या. त्रिकोणात कुटुंबासारखं काही नाही, तरी सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर तो इतक्यांदा रंगवला गेला की एका पिढीला बघताक्षणी कळायचा.

यातून विद्यार्थ्यांनी काय घ्यायचं? सारखेपणाच्या खुणा सुरक्षित असतात आणि बहुतेक वेळा फिक्या. कोणीही चटकन ओळखतो, पण ओळखण्यापलीकडे काही घडत नाही. नवीन संकेत तुम्ही एका प्रोजेक्टमध्ये तयार करू शकत नाही, त्याला वर्षं आणि हजारो भिंती लागतात. म्हणून 'हा निळा गोल म्हणजे एकात्मता' असं समजावून सांगावं लागत असेल तर ती खूण अजून झालेलीच नाही. सर्वांत जास्त जीव असतो तो मागाच्या खुणांत, कारण त्या बघणाऱ्याला निष्कर्ष काढायला लावतात. आणि जो निष्कर्ष माणूस स्वतः काढतो तो त्याच्या लक्षात राहतो.

स्वच्छ भारत अभियानाचा लोगो आठवा. २०१४ साली लोकांकडून प्रवेशिका मागवल्या होत्या आणि निवड झाली ती कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांच्या लोगोची. त्यात गांधीजींचा चेहरा कुठेही नाही. झाडू नाही, कचराकुंडी नाही. फक्त त्यांचा गोल काचांचा चष्मा, एका काचेत 'स्वच्छ', दुसऱ्या काचेत 'भारत', आणि दोन्ही काचा जोडणाऱ्या दांडीवर तिरंगा. चष्मा हा माणसाचा माग आहे. चष्मा दिसला की माणूस आठवतो, आणि तो आपल्याकडे बघतोय हेही जाणवतं. एका वस्तूने दोन कामं केली. चांगल्या कल्पनेत बहुतेक वेळा असंच घडतं, एकच आकार दोन अर्थांची नोकरी करतो. २०१० साली स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह तसंच आहे. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकाच आकारात बसवले. त्याच्या वरच्या दोन आडव्या रेषांपैकी एक आपली शिरोरेषा आहे. दोन्ही मिळून मधल्या मोकळ्या जागेसह तिरंग्याची आठवण देतात.

पाण्याचं पोस्टर, भेगांशिवाय

पाण्याचा विषय मराठवाड्यात चुकत नाही आणि चुकवूही नये. इथल्या मुलांना त्याबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं दुसरीकडच्या मुलांना नसतं. दुःख एवढंच की वर्गात आल्यावर तीच मुलं स्वतःला माहीत असलेलं बाजूला ठेवतात आणि इंटरनेटवरच्या भेगा आणतात.

आधी सामग्री गोळा करायची. चांगली-वाईट ठरवायची नाही, फक्त लिहीत जायचं, जमेल तिथे जाऊन बघायचं, स्केच करायचं, घरातल्या थोरांना विचारायचं. टँकर येण्याआधी नंबर लावून ठेवलेल्या रंगीबेरंगी घागरी. गल्लीगल्लीत फिरणारी बोअरची गाडी, आणि 'किती फुटांवर लागलं?' हा प्रश्न. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने आणावं लागलेलं पाणी. पैठणचं जायकवाडी धरण. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. मलिक अंबरच्या काळापासूनची नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी वाट. गावोगावच्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, त्यांच्या दगडी पायऱ्या. छतावर एकाशेजारी एक बसलेल्या काळ्या टाक्या.

मग प्रत्येकावर थंबनेल, म्हणजे छोटंसं कच्चं स्केच. काड्यापेटीएवढं, पेनाने, रंग न लावता. वीस-पंचवीस तरी होऊ द्या. पहिली आठ-दहा सगळ्यांना सुचतात तीच असतील. त्यांना अडवू नका, कागदावर उतरवून टाका, नाहीतर ती डोक्यात जागा अडवून बसतात. रेल्वेचं चित्र जोरदार वाटेल. पण ती एका वर्षाची, एका शहराची घटना आहे. 'पाणी जपून वापरा' असं म्हणायचं असेल तर ती उपयोगी नाही, आणि 'अशी वेळ आली होती' असं म्हणायचं असेल तर अप्रतिम आहे. घागरींची रांगही चांगली, पण ती छायाचित्रकारांनी इतकी वापरली आहे की तिच्यात नवीन नातं सापडेपर्यंत ती बाजूला ठेवावी. बोअरच्या खोलीचं चित्र फार आशादायक आहे. अरुंद उभा कागद, वर छोटंसं घर, खाली एकच रेघ कागदाच्या तळापर्यंत. मला स्वतःला सर्वांत पुढे नेता येईल अशी वाटते ती बारव.

बारवेत पाणी उतरतं तसतशा पायऱ्या उघड्या पडतात. दिसणारी प्रत्येक पायरी म्हणजे पाणी तेवढं खाली गेल्याची खूण, अस्सल मागाची खूण. आणि बारवेतलं पाणी भूजलाशी जोडलेलं असतं, म्हणून ती फक्त एका विहिरीची गोष्ट राहत नाही. विधान असं बनतं: 'दसऱ्याला जे पाणी हाताला लागत होतं, ते अक्षय्य तृतीयेला किती पायऱ्या खाली गेलेलं असतं ते बघा.' हे आकडे आणि आलेखांशिवाय गावातल्या कोणालाही कळतं. बारव ही स्वतःच एक मोजपट्टी आहे आणि ती आपल्याच माणसांनी दगडात कोरून ठेवली आहे.

आता रचना. पायऱ्या वरून खाली निमुळत्या होत जाणाऱ्या, नऊ. प्रत्येक पायरीवर एक महिना: आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. पाणी फक्त वरच्या कोपऱ्यात, पहिल्या पायरीच्या पातळीवर, एका बारीक निळ्या रेषेने दाखवलेलं, म्हणजे ते कुठपर्यंत होतं हे कळेल. खाली काही नाही. भेगाही नाहीत.

इथे लिपी मदतीला येते. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, देवनागरी अक्षरं वरच्या रेषेला लोंबकळतात. मग पायरीची कड हीच शिरोरेषा करता येते. महिन्याचं नाव त्या कडेला लटकेल आणि पायरीची रेघ डावीकडून उजवीकडे सलग जाईल. कागदावर करायला घेतलं की पहिली अडचण लगेच दिसते. 'माघ' आणि 'फाल्गुन' सोडले तर सगळ्या नावांत रेषेच्या वर काहीतरी आहे: वेलांटी, मात्रा, रफार. 'मार्गशीर्ष' मध्ये तर दोन रफार आणि एक वेलांटी. ती सगळी पायरीच्या वरच्या जागेत शिरतात आणि आधीच्या महिन्याच्या उकाराला किंवा जोडाक्षराला भिडतात. त्यामुळे दोन पायऱ्यांमधलं अंतर डोळ्यांनी ठरवावं लागतं, सॉफ्टवेअरमधल्या ठरलेल्या लाइन स्पेसिंगवर सोडून चालत नाही. हा त्रास घेण्यासारखा आहे. हे पोस्टर रोमन लिपीत कोणी जसंच्या तसं करू शकणार नाही.

देवनागरीचा असा विचार आपल्याकडे नवा नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी नावं रेखाटली ती पाहा. नाटकाची जात अक्षराच्या वळणातूनच कळायची, शेजारी चित्राची गरज पडायची नाही. तुमच्या पोस्टरसाठी प्रत्येक वेळी हाताने अक्षर काढावं असा माझा आग्रह नाही. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता, बालू यांसारखे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि त्यांत जोडाक्षरं नीट येतात. पण फॉन्ट निवडताना 'ळ', 'ष्ठ', 'र्ष' आणि 'ऱ्या' टाइप करून पाहा. मराठीत ही अक्षरं रोज लागतात आणि घाईत बनवलेले फॉन्ट नेमके तिथे उघडे पडतात.

पर्यटनाच्या विषयाबद्दल थोडक्यात. बीबी का मकबरा, अजिंठ्याचं पद्मपाणीचं चित्र आणि वेरूळचा कैलास एकत्र चिकटवलेलं पोस्टर जवळजवळ प्रत्येक वर्षी होतं. त्यापेक्षा एकच जागा घ्या आणि तिच्याबद्दलचं एकच सत्य घ्या. वेरूळचं सोळावं लेणं वरून खाली कोरत आणलेलं आहे, आधी शिखर, शेवटी पायथा. म्हणजे ते बांधलेलं नाही. डोंगरातून नको तेवढा दगड काढून टाकल्यावर जे राहिलं ते देऊळ. हे विधान लिहिलं की तंत्रही ठरून जातं: लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेला छाप, किंवा काळ्या कागदातून कापून काढलेला आकार. मंदिराची रेषा काढायचीच नाही, भोवतालचं काढून टाकायचं. विषय आणि तंत्र असे एकमेकांत बसले की कॉन्सेप्ट समजावून सांगायची वेळच येत नाही.

लोगोला वेळ कमी मिळतो

पोस्टरसमोर माणूस थोडा वेळ थांबतो. लोगोसमोर कोणीच थांबत नाही. तो खोक्याच्या कडेवर, बिलाच्या कोपऱ्यात, फोनवर नखाएवढा दिसतो. म्हणून पोस्टरमध्ये चालणाऱ्या अर्ध्या गोष्टी इथे चालत नाहीत.

समजा बीड जिल्ह्यातल्या सीताफळ उत्पादकांच्या एका गटासाठी ओळखचिन्ह आणि खोका करायचा आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बालाघाटच्या डोंगररांगेतलं हे फळ आता जिल्ह्याच्या नावाने विकता येतं. वर्गात पहिल्या दिवशी जी स्केचेस येतील त्यांत सीताफळ, दोन पानं, उगवता सूर्य आणि फेटा बांधलेला शेतकरी असेल. मथळ्याची चाचणी लावा. सीताफळाच्या जागी मोसंबी ठेवली तर तोच लोगो जालन्याला चालेल.

मग फळाकडे बघा, शक्यतो हातात घेऊन. सीताफळ एका फुलातल्या अनेक स्त्रीकेसरांपासून बनतं. बाहेरचा प्रत्येक डोळा हा एक वेगळा भाग असतो आणि ते सगळे एकमेकांत मिसळून एक फळ होतं. अनेक शेतकरी, एक गट: फळाच्या रचनेतच ते आहे, शेतकऱ्याचं चित्र काढायची गरज नाही. आणखी एक गोष्ट. फळ तयार होत आलं की दोन डोळ्यांमधली जागा रुंदावते आणि पिवळसर पांढरी पडते. आपल्याकडे हे सगळ्यांना कळतं, मुंबई-पुण्यातल्या नव्या गिऱ्हाइकाला कळत नाही. तो कच्चं फळ कापतो किंवा ठेवून ठेवून काळं करतो, आणि दोष फळाला देतो.

म्हणजे लोगो आणि खोका दोघांनाही एकच कल्पना पुरते. लोगो म्हणजे गोलात बसवलेले थोडेसे डोळे, मधल्या फटी स्पष्ट. खोक्याच्या झाकणावर तोच गोल तीनदा, फटी क्रमाने रुंदावत गेलेल्या: 'थांबा', 'उद्या', 'आज खा'. इथे डिझाइन शोभेच्या पलीकडे जाऊन शेतकऱ्याचं नुकसान कमी करायला उपयोगी पडतं, आणि ग्राफिक डिझाइन शिकावं ते यासाठी असं मला मनापासून वाटतं. डोळे किती ठेवायचे हा मात्र कसोटीचा प्रश्न आहे. खऱ्या फळासारखे खूप ठेवले तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर एका रंगात छापताना शाई पसरते आणि फटी बुजतात. फारच कमी ठेवले तर फुटबॉल दिसतो. म्हणून अंतिम फाइल करण्याआधी लोगो एक सेंटिमीटर रुंदीवर, एका रंगात, खऱ्या पुठ्ठ्यावर छापून पाहा. रबरी शिक्का करून उठवला तरी कळतं.

दाखवायचं कोणाला, विचारायचं काय

थंबनेल झाली, दोन-तीन पुढे नेली, आता निवड. वर्गातल्या मित्रांना 'कसं वाटतंय?' असं विचारलं की 'मस्त' असं उत्तर येतं. ते विसरा. डिझाइनशी काही संबंध नसलेल्या माणसाला दाखवा: मेसच्या काकूंना, झेरॉक्सवाल्याला, बसमध्ये शेजारी बसलेल्याला. चार-पाच सेकंद दाखवून कागद उलटा करा आणि विचारा, 'हे काय सांगत होतं?' त्यांनी सांगितलेलं वाक्य आणि तुमच्या वहीतलं विधान शेजारी-शेजारी लिहा. शब्द वेगळे असले तरी चालतील, अर्थ जुळला पाहिजे. जुळला नाही तर त्यांना समजावून सांगू नका. पोस्टर भिंतीवर लागल्यावर शेजारी तुम्ही उभे नसाल.

त्यानंतर तेच काम काळ्या-पांढऱ्यात प्रिंट काढून बघा, फोनवर लहान करून बघा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला टाचून बघा. कल्पना फक्त रंगावर उभी असेल तर ती काळ्या-पांढऱ्यात लगेच ढासळते.

राहिली कॉन्सेप्ट नोट. ज्युरीसाठी बरेच विद्यार्थी ती सगळ्यात शेवटी लिहितात आणि त्यात 'निळा रंग शांततेचं प्रतीक आहे, हिरवा समृद्धीचं' अशी वाक्यं भरतात. ज्या वाक्यात कोणत्याही पोस्टरला लागू पडेल असं काही लिहिलंय ते खोडून टाका. राहील ते तीन-चार ओळींचंच असेल आणि तेवढं पुरे. सीताफळाच्या प्रोजेक्टची नोट एवढीच होईल: 'शहरातल्या गिऱ्हाइकाला सीताफळ कधी खायचं ते कळत नाही. फळाच्या डोळ्यांमधल्या फटी ते सांगतात. म्हणून लोगो डोळ्यांचा आहे, आणि खोक्यावर त्याच फटी तीन टप्प्यांत दाखवल्या आहेत.' सोबत थंबनेलचे सगळे कागद जोडा, नापास केलेल्यांसकट, आणि प्रत्येकाखाली ते का सोडलं हे एका ओळीत लिहा. ज्युरीला तुमचा विचार तिथे दिसतो, आणि बऱ्याचदा पुढच्या सेमिस्टरच्या एखाद्या विषयाला त्यातलंच एखादं थंबनेल उपयोगी पडतं.